भरून उतरायचं, रिकामं चढायचं: बेळगावच्या एका पिकअप खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि शेवटी घेतलेल्या गाडीचं मॉडेल मुद्दाम दिलेलं नाही. कुटुंबाने त्याच अटीवर लिहायला होकार दिला. मी त्या भागातल्या एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर बसतो, त्यामुळे कागद समोरून गेले आणि बराचसा काथ्याकूट कानावर पडला.

तांबडी जमीन, पावसाळी भात आणि रताळं, मागून बटाटा, कोबी, मिरची. थोरला भाऊ शेती बघतो. धाकटा तिशीच्या आतला; काही वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत होता, ते सोडून घरचा आणि शेजारच्या चार-पाच घरांचा माल भाड्याच्या गाडीतून गोव्याला न्यायला लागला. हिशेबाची वही वैनींकडे, म्हणजे थोरल्याच्या बायकोकडे. बचत गटाचा हिशेबही त्याच बघतात, आणि या घरात कुठल्याही रकमेवर शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

वाट ठरलेली. मध्यरात्री गाव सोडायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, गोव्यातल्या साखळी गावावरून उजाडायच्या आत म्हापसा गाठायचं. माल उतरला, पैशाचं बघितलं, की रिकामे क्रेट टाकून दुपारपर्यंत परत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि म्हापसा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. भाजीची गाडी त्यामुळे भरून उतरते आणि रिकामी चढते. पुढचं सगळं प्रकरण याच गोष्टीभोवती फिरतं, पण सुरुवातीला घरात त्याचा विचार कोणीच करत नव्हतं.

अडचण

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत माल जोरात निघतो आणि नेमकी तेव्हाच भाड्याची गाडी मिळत नाही. मिळाली तर एका फेरीला साडेपाच हजारांच्या आसपास, आणि गाडीवाला तासभर उशिरा आला तर म्हापशात भाव पडलेला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की आपलीच पिकअप घ्यायची.

गाडी घ्यायची यावर घरात वाद नव्हता, कुठली घ्यायची यावर होता. थोरल्याला दोनच गोष्टी कळत होत्या: किंमत आणि अ‍ॅव्हरेज. धाकटा उंच, जवळपास सहा फूट. त्याचा प्रश्न गुडघे आणि कंबर. वैनींचा प्रश्न महिन्याचा हप्ता. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच दोन महिने काही ठरेना.

समोरचे पर्याय

छोट्या मालवाहू गाडीची आपल्याकडची चाल २००५ ला टाटा एस आली तेव्हापासून बदलली. लोक तिला छोटा हत्ती म्हणायला लागले आणि गल्लीबोळातल्या मालरिक्षांची जागा तिने घेतली. मागोमाग २०११ ला अशोक लेलँडची दोस्त, २०१६ ला मारुतीची सुपर कॅरी, २०१९ ला टाटाची इंट्रा अशा गाड्या येत गेल्या. महिंद्राची बोलेरो पिकअप तर खानापूर-चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर आधीपासूनच ठाण मांडून होती. आज एक-दीड टनाच्या आत निवड करायची म्हटलं तर मुळात दोन घडणी दिसतात. एक चपट्या तोंडाची, जिच्यात इंजिन सीटखाली असतं आणि ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो. दुसरी नाकाची, म्हणजे पुढे बॉनेट, आणि ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या मागे. प्रकरणापुरतं यांना ‘चपटी’ आणि ‘नाकाची’ म्हणू.

चपटीत तेवढ्याच लांबीच्या गाडीला हौदा मोठा मिळतो, घाटातलं वळण आणि बाजारातली गल्ली सोपी जाते, किंमतही कमी. नाकाची चालवायला सुखाची, इंजिनची धग अंगावर येत नाही, विकताना भाव बरा येतो असं सगळे सांगतात. या कुटुंबाला मिळालेल्या कोटेशनांत दोघींच्या किमतीत लाखाच्या वर फरक होता.

तिसरा पर्याय जुनी गाडी. पाच-सहा वर्षं वापरलेली, शक्यतो बीएस-६ च्या आधीची, म्हणजे एप्रिल २०२० पूर्वीची. गावातला मिस्त्रीही ती खोलू शकतो, हे थोरल्याचं म्हणणं. दोन गाड्या बघितल्या. दोन्हींचा हौदा खालून गंजलेला आणि चासीला वेल्डिंग. शिवाय नव्या मालगाडीचं एफसी, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी होतं, त्यानंतर दरवर्षी. जुन्या गाडीला तो दिवस लवकर येतो. हा पर्याय तिथंच संपला. सीएनजीचाही विषय निघाला, पण टाक्यांचं वजन आणि घाटातली ओढ यावर धाकट्याचा विश्वास बसेना. विजेवरच्या गाडीवर कोणी पाच मिनिटंही बोललं नाही.

चौथा पर्याय गाडीचा नव्हता, पासिंगचा, म्हणजे गाडी कुठल्या राज्यात नोंदवायची याचा होता. त्याकडे पुढे येतो.

गाडीवाल्यांची मतं

धाकट्याने एक शहाणपणा केला. शोरूमच्या आधी तो गाडीवाल्यांकडे गेला: मार्केट यार्डात, जांबोटीच्या चहाच्या टपरीवर, म्हापशाच्या बाजाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्यांकडे. आठवडाभरात त्याच्याकडे मतांचा ढीग जमला आणि त्या ढिगाने गोंधळ आणखी वाढवला. त्याच मॉडेलला एक जण ‘सोफ्यावर बसल्यागत’ म्हणायचा आणि दुसरा ‘मर्दा, मणका गोळा करून आणावा लागतोय’ म्हणायचा.

वैनींनी वहीत ती मतं उतरवून घेतली आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहायला लावल्या: स्वतः चालवतो का, माल कुठला, परत येताना गाडी भरलेली की रिकामी, आणि गाडीला किती वर्षं झाली. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. त्या चार रकान्यांनंतर मतांमधला विरोध जवळजवळ नाहीसा झाला.

उद्यमबागेतून कोल्हापूरकडे कास्टिंग नेणारा एक जण चपटीवर बेहद्द खूश होता. त्याचा माल जड, परतताना कच्चा माल भरलेला, आणि रस्ता पुणे-बेंगळुरू हायवेचा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वजनाखाली दबलेले राहतात, गाडी रस्त्याला चिकटून जाते. त्याचं मत खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याच रस्त्याचं मत होतं.

खानापूरकडचा विटांचा एक व्यापारी म्हणाला, गाडीत काही त्रास नाही, तीन गाड्या आहेत माझ्या. स्वतः चालवता का, यावर तो हसला. त्याच्या ड्रायव्हरला धाकट्याने बाजूला गाठलं तर त्याने सीटवरची गोणपाटाची घडी दाखवली. ती चौपदरी होती.

निपाणीच्या बाजूचा एक जण नवीकोरी गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झालेला. त्याच्या तोंडून गाडीविषयी वाईट शब्द निघणं शक्यच नव्हतं. नवा गाडीवाला गाडीची स्तुती करतो तेव्हा खरं तर स्वतःच्या निर्णयाची पाठ थोपटत असतो. आणि विकायला काढलेल्या गाडीचा मालक तर त्याहून गोड बोलतो; तसा एक जणही यादीत निघाला.

उरले म्हापशाच्या लाईनीवर भाजी नेणारे. ही माणसं थोडी, पण कामाची. तीन वर्षं चपटी चालवलेल्या एकाने जे सांगितलं ते धाकट्याने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं: ‘भरलेली असली की राणी हाय. खरी कळ रिकामं येताना. साखळी सोडली की जांबोटीपर्यंत नुसत्या उड्या मारायलीय.’ कारण सरळ आहे. मागचे पाटे सव्वा टनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. हौद्यात रिकाम्या क्रेटांशिवाय काही नसेल तर ते वाकतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर येतो. चपटीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवरच बसलेला, त्यामुळे पुढचा धक्काही थेट त्यालाच. कणकुंबी भागातला रस्ता पावसाने दरवर्षी कसा होतो हे इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्याच माणसाने आणखी एक सांगितलं जे कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नसतं: म्हापशात माल उतरल्यावर दोन-तीन तास पैशासाठी थांबावं लागतं आणि ड्रायव्हर त्या वेळात झोपतो. चपटीत सीटची पाठ केबिनच्या भिंतीला टेकलेली, ती मागे होत नाही. उंच माणूस बसल्याबसल्या मान मोडून झोपतो आणि तशाच अर्धवट झोपेत दुपारी घाट चढतो.

किमतीविषयीची मतं तर आणखी मजेशीर. ‘साठ हजारात गाडी आणली’ म्हणणारा निव्वळ डाऊन पेमेंट सांगत होता. ‘आठ लाखाची’ म्हणणारा एक्स-शोरूम. ‘साडेनऊला पडली’ म्हणणारा ऑन-रोड अधिक ताडपत्री, हौद्याची जाळी आणि स्टेपनीचं कुलूप. व्याजासकट एकूण किती गेले हे त्या सगळ्यांत एकालाही सांगता आलं नाही. गाडी स्वस्त की महाग, यावरचं त्यांचं मत हप्ता वेळेत जातो की नाही यावर ठरलेलं होतं.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा: पासिंग कुठलं. बेळगावपासून थोड्याच अंतरावर हद्द ओलांडली की शिनोळी, चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. तिथं मावसभाऊ. कुणीतरी डोक्यात भरवलं की त्याच्या पत्त्यावर गाडी घेतली, एमएच ०९ पासिंग केलं, तर टॅक्समध्ये पैसे वाचतात. सीमाभागात हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. पण त्यासाठी गाडी, कर्ज आणि विमा तिन्ही मावसभावाच्या नावावर जाणार. गाडी मात्र कायमची कर्नाटकात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली गाडी तिथं नव्याने नोंदवावी लागते. म्हणजे वाचलेला टॅक्स वर्षाने परत दारात. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा कोण करणार? थोरल्याला हे पटेना. त्याला पटलं ते वैनींच्या एका वाक्याने: ‘भाऊबंदकीत आधीच बांध हाय, त्यात आणि गाडी कशाला?’

पासिंगला दुसरीही बाजू होती. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. त्या दिवसांत कुठलीच पाटी सुरक्षित नव्हती. त्यामुळे सुरक्षिततेच्या मुद्द्यावर निर्णय करायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि बेळगावचंच केए २२ घ्यायचं ठरलं.

परमिटचा बाऊ मात्र विनाकारण झाला. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. कलम ६६ मध्ये ती सूट आहे. कर्नाटक, गोवा, आणि चोर्ला बंद पडला तर आंबोलीवरून महाराष्ट्र, अशा तिन्ही राज्यांतून जाणाऱ्या गाडीला ही सूट फार मोलाची. कोटेशन घेतलेल्या नाकाच्या गाड्यांतली मोठी गाडी या मर्यादेच्या वर जात होती, म्हणून ती यादीतून गेली. लायसन्सचाही प्रश्न उरला नव्हता: नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स पुरतं.

दुसरी जागा: कधी घ्यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये बुकिंग करायच्या बेतात असताना जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. शोरूमवाला म्हणाला, आत्ता घ्या, आम्ही डिस्काउंट देतो, उद्याचं कोणी बघितलंय. थोरला जवळजवळ तयार. वैनींनी विचारलं, रताळं काढायला अजून किती दिवस? हंगाम दसऱ्याला सुरू होणार, तोवर गाडी दारात उभी राहून हप्ता खाणार. थांबले. २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ८ लाख ६० हजारांची एक्स-शोरूम गाडी हिशेबाने ७ लाख ९३ हजारांच्या आसपास येते, म्हणजे सुमारे ६७ हजारांचा फरक. शोरूमने आधी देऊ केलेलं डिस्काउंट याच्या निम्मंही नव्हतं.

‘जीएसटी तर परत मिळतोय’ असंही कोणी सांगितलं होतं. तो मिळतो जीएसटी नोंदणी असलेल्या आणि करपात्र धंदा करणाऱ्याला. ताजी भाजी आणि शेतमालाची वाहतूक दोन्ही करमुक्त, त्यामुळे या कुटुंबाला त्यातलं काही मिळणार नव्हतं.

तिसरी जागा: कर्ज. शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर ‘फक्त सहा टक्के’ सांगितलं गेलं, आमच्या पतसंस्थेचा दर ११ टक्के. ऐकून थोरला माझ्यावरच चिडला. पण ते सहा टक्के फ्लॅट होते, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर. ८ लाख, पाच वर्षं, सहा टक्के फ्लॅट म्हणजे महिन्याला १७,३३३ रुपये. तेच ८ लाख, पाच वर्षं, घटत्या शिलकीवर ११ टक्के म्हणजे १७,३९४. फरक एकसष्ट रुपयांचा, आणि तिकडे प्रोसेसिंग फी वेगळी. हे कागदावर मांडून दाखवायला दहा मिनिटं लागतात, पण गाडी बघायला गेलेल्या माणसाकडे तेवढी दहा मिनिटं नसतात.

चौथी जागा: चपटी की नाकाची. इथं धाकट्याने हट्ट धरला की रिकाम्या गाडीत बसून घाट चढल्याशिवाय सही करायची नाही. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गुळगुळीत रस्त्यावरची एक फेरी. तिच्यात कुठलीही गाडी चांगली वाटते. ओळखीच्या दोघांच्या गाड्यांतून, एका चपटीतून आणि एका नाकाच्या गाडीतून, तो साखळीहून परत आला. थोरल्यालाही एकदा नेलं. नाकाची स्पष्ट सरस निघाली, यात कुणाला शंका उरली नाही.

तरीही घेतली चपटी. कारण कोबी. कोबी आणि फ्लॉवर हलके आणि फुगीर. हौदा गच्च भरला तरी वजन टनाच्या आतच राहतं. म्हणजे त्यांना वजनक्षमता लागत नव्हती, लांबी लागत होती. परवडणाऱ्या नाकाच्या गाडीत क्रेटांची एक ओळ कमी बसत होती आणि ती ओळ प्रत्येक फेरीला कमी होणार होती. लाखभराचा फरक वर. मला स्वतःला हा निर्णय अगदी काठावरचा वाटला होता. रताळ्याची पोती जास्त आणि कोबी कमी असता तर उलटा कौल दिला असता.

पाचवी जागा: एसी आणि पॉवर स्टेअरिंग. चपटी घ्यायची ठरल्यावर धाकट्याने यावर तडजोड केली नाही. साध्या आणि वरच्या मॉडेलमध्ये ४० हजारांचा फरक. थोरला म्हणाला, बेळगावात एसी कशाला, आपल्याकडे मे महिन्यातही रात्री गोधडी लागतेय. पण गाडी रात्री बेळगावात असते आणि सकाळी दहा-अकराला दमट गोव्यात, सीटखाली तापलेलं इंजिन घेऊन. आणि पावसाळ्यात कणकुंबीच्या धुक्यात आतून काच धुरकटते तेव्हा एसी लावला की ती साफ होते; फडक्याने पुसत घाट उतरण्यापेक्षा ते बरं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, पण छोट्या पिकअपला ती सक्ती नाही. तिथं ज्याचं त्याने ठरवायचं. वैनींनी हिशेब केला: ४० हजारांचा हप्त्यातला वाटा ८७० रुपये, महिन्याला बारा फेऱ्या धरल्या तर फेरीमागे बहात्तर. जांबोटीतला नाश्ता याहून महाग पडतो. विषय संपला.

प्रत्यक्षात केलं ते

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी दारात आली. स्वतःचे दोन लाख दहा हजार घातले: रताळ्याचे मागचे पैसे, गटातलं वैनींचं कर्ज, धाकट्याचा फौंड्रीतला पीएफ. ७ लाख कर्ज, पाच वर्षं, हप्ता १५,२२० रुपये. चार वर्षांत फेडायचं म्हटलं असतं तर हप्ता १८ हजारांवर गेला असता पण व्याजात सुमारे ४५ हजार वाचले असते. पावसाळ्यात फेऱ्या निम्म्यावर येतात हे बघून समितीने पाचच वर्षं दिली, आणि हंगामात जास्तीची रक्कम भरायची मुभा ठेवली.

विम्यात नवशिक्याला धक्का बसतो तो थर्ड पार्टीच्या रकमेचा. जून २०२२ च्या दरांप्रमाणे साडेसात टनांपर्यंतच्या भाडोत्री मालगाडीला ती १६,०४९ रुपये आहे, कर वेगळा. गाडी पाऊण टनाची असो की दीड टनाची. अजून लहान गाडी घेऊन विमा वाचेल ही थोरल्याची आशा तिथं मावळली.

हौद्याला जाळी आणि ताडपत्री सोडून काही लावलं नाही. सीटवर जाड फोमची गादी टाकली. परत येताना मागच्या चाकांच्या वर, हौद्यात, दोन-तीन पोती माती बांधून ठेवायची युक्ती लाईनीवरच्या जुन्या गाडीवाल्यांची, तीही वापरली. त्याने उड्या कमी होतात, थांबत नाहीत.

निष्पत्ती

हे लिहिताना गाडीला सहा महिने झालेत. हप्ता एकदाही चुकलेला नाही. हंगामाचे चार महिने फेऱ्या धरल्याहून जास्त झाल्या, कारण शेजारच्या गावातले लोकही माल द्यायला लागले. फेब्रुवारीपासून कमी झाल्यात. डिझेल आणि वरखर्च जाऊन फेरीमागे जे उरतं त्यात हप्ता आरामात बसतो, धाकट्याची मजुरी धरली तर जेमतेम. ती मजुरी धरायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. मी म्हणतो धरायला हवी, कारण उद्या ड्रायव्हर ठेवला तर ती रोख द्यावीच लागेल.

मधे एक भानगड झाली. घराचं बांधकाम निघालं आणि थोरल्याने धाकट्याला न विचारता एका गॅरेजमध्ये मागे दोन-दोन पाटे वाढवून आणले, एका फेरीत जास्त विटा याव्यात म्हणून. विटा आल्या. पण त्यानंतरच्या पहिल्याच म्हापसा फेरीत रिकाम्या गाडीने धाकट्याची अशी काही अवस्था केली की दोन दिवस त्याला वाकता येईना. क्रेटमधल्या टोमॅटोचंही उतरतानाच नुकसान झालं. सर्व्हिसिंगच्या वेळी पाटे वाढवल्याची नोंद जॉबकार्डवर झाली, म्हणजे वॉरंटीत मागून काही निघालं तर तो कागद आडवा येणार. आणि पकडलं असतं तर? जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. विटांच्या वाचलेल्या फेऱ्यांचं भाडं याच्या पासंगालाही पुरलं नसतं. पाटे काढले. दोघा भावांमध्ये आठवडाभर बोलणं नव्हतं.

सुखाच्या बाबतीत धाकट्याचं आजचं मत: स्टेअरिंग आणि एसी लाखमोलाचे, सीट वाईट, झोप नाहीच. म्हापशात आता तो हौद्यात क्रेट सरकवून तिथं अंथरूण टाकतो. पावसात ते जमणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नाकाच्या गाडीत कमी पडणारी क्रेटांची ओळ, हा निर्णायक मुद्दा ठरला. पण तो शोरूमच्या मापावरून ठरला. खरे क्रेट नेऊन मांडून बघितले नाहीत. हौद्याच्या जाळीची उंची वाढवून एक थर वर चढवता आला असता का, हे तेव्हाच एखाद्या फॅब्रिकेटरला विचारायला हवं होतं. बेळगावात फॅब्रिकेशनची काय कमी?

रिकाम्या गाडीत बसून घाट चढले हे उत्तम केलं, पण दोन्ही फेऱ्या कोरड्या रस्त्यावर, मे महिन्यात. एखादी जुलैत झाली असती तर धुकं, ओला ब्रेक आणि उतरणीला इंजिनची पकड याचाही अंदाज आला असता. भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा इंजिनच्या ताकदीपेक्षा ब्रेक महत्त्वाचा, आणि त्याविषयी वैनींच्या वहीत एकही रकाना नव्हता. आता आहे, वही गावातल्या आणखी दोघांनी मागून नेली आहे.

पाट्यांचं प्रकरण टळलं असतं, जर गाडी कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही हे घेतानाच बोलून झालं असतं. एका गाडीकडून भाजी आणि विटा दोन्ही अपेक्षित असतील तर तिची निवडही वेगळी झाली असती. थोरला अजून म्हणतो, विटा ट्रॅक्टरने आणल्या असत्या तर जास्त गेले असते. त्याचं गणित चुकीचं नाही, त्यात कंबर धरलेली नाही एवढंच.

पावसाळा तोंडावर आहे. चोर्ला बंद राहिला तर आंबोलीचा वळसा, फेरीचा वेळ वाढणार, आणि धाकटा एकटा पुरणार नाही म्हणून ड्रायव्हर ठेवायचं चाललंय. एक जण बघूनही गेला. त्याने पहिलं विचारलं, एसी चालतो का. थोरल्याचं म्हणणं, ड्रायव्हरला एसी लावायला द्यायचा नाही, डिझेल जातं. वैनींनी अजून काही ठरवलेलं नाही.